वर्षाचा काय दोष

वर्षाच्या शेवटच्या सकाळी दूध घेऊन परतले, तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी स्टुलावर चढून जिन्यात रंगीत दिव्यांची माळ लावत होते. मला पाहून ते खाली उतरले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, वर्षच वाईट होतं. संपलं एकदाचं."

मी दोन जिने चढले आणि तिथेच थांबले. वर्ष वाईट होतं म्हणजे काय? वर्षाने काय केलं? पावसाळाभर लिफ्ट बंद होती. ह्यांना हृदयाचा त्रास होता, म्हणून मी तीनदा अर्ज दिला. दरवेळी "पुढच्या मीटिंगला बघू" एवढंच उत्तर मिळालं. ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावरून उतरवलं. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी माझा हात धरला होता. खाली पोचेपर्यंत तो सुटला. तेराव्यानंतर आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. मी अजून जिन्यानेच चढते.

माणसं सगळं वर्षावर ढकलतात, कारण वर्ष उलटून बोलत नाही.

मी परत खाली गेले. "वर्ष वाईट नव्हतं. तुम्ही माझे अर्ज वाचले नाहीत."

"वहिनी, आजच्या दिवशी कशाला हे?"

"मग कोणत्या दिवशी?"

ते माळेची गाठ सोडवत राहिले.

लोक सांगतात, राग जुन्या वर्षातच ठेवून पुढे जावं. मी ठेवणार नाही. ह्यांच्या वतीने रागावणारं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही.