चंद्रमती अक्कांच्या कोलूतली रिकामी जागा

तुम्ही कधी दुसऱ्याच्या देवाची परस्पर सोय लावून टाकली आहे का? त्याला न विचारता, वर मोठ्या मनानं ‘अहो, सगळे देव एकच’ असं म्हणून? आठवत नाही म्हणता? मग ऐका. तंजावूरच्या एका गल्लीत चंद्रमती अक्कांनी लावली होती, तीही अख्ख्या गल्लीदेखत.

अक्का टपालखात्यातून निवृत्त झालेल्या. गल्लीतला नळ कुणी आणला? अक्कांनी. कोपऱ्यावरचा दिवा? अक्कांनीच. नगरपालिकेतले साहेब त्यांना लांबून बघून चहाला निघून जात. अशा बाईचं एकच दुखणं होतं, आणि ते त्या कुणाला सांगत नव्हत्या. घरात मराठी बोलायला माणूस उरलं नव्हतं. नवरा गेला. मुलगा हरिप्रसाद चेन्नईत. नात कीर्तना फोनवर मराठी ऐकायची, हसायची आणि उत्तर तमिळमध्ये द्यायची. पिढ्यानपिढ्या इथं टिकलेली भाषा आता अक्का तुळशीला पाणी घालताना स्वतःशीच बोलत.

मग एके दिवशी त्यांच्या ओट्यावर दमून बसलेली एक बाई फोनवर म्हणाली, “आई, मला इथं कुणी खोली देत नाही गं.”

अक्का आतून धावत आल्या. “कोण देत नाही? मी देते! ऊठ, वर चल.”

ती दिवोरा नागावकर. बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेली. अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. “आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे,” तिनं सांगितलं, “आणि शनिवारी आमचा विसाव्याचा दिवस, घाणा बंद. म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत.” अक्कांनी फक्त तिची मराठी ऐकली. बाकी सगळं नंतर बघू.

वर्ष मजेत गेलं. रोज संध्याकाळी ओट्यावर कॉफी आणि मराठी. पण नवरात्राच्या तोंडावर दिवोरा म्हणाली, “अक्का, मला परत मुंबईला घेतायत. दसऱ्यापर्यंत हो की नाही सांगायचंय.”

“जा की,” अक्का म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत.

आता विनवणी करणं अक्कांना जमायचं नाही. त्यांनी वेगळाच बेत केला. नवरात्रात तिकडं घरोघरी कोलू मांडतात: पायऱ्या करून त्यावर बाहुल्या. खाली भाजीवाले, वाणी आणि लग्नाच्या वराती, त्यावर राजेराण्या, मग साधुसंत, आणि सगळ्यात वर देव. अक्कांनी ठरवलं, यंदा दिवोराचाही देव बसवायचा. पोरीला वाटलं पाहिजे, हे आपलंच घर.

आणि एकीचा बसवायचा, तर शेजारच्या ज्ञानमणी टीचरचाही; त्या लुथरन ख्रिस्ती. त्यांच्याकडून अक्कांनी नाताळच्या गव्हाणीतला बाळ येशू मागून आणला. दिवोराच्या लोकांना देवाच्या आज्ञा आणून देणारा मोशे मात्र मिळेना. मग त्यांनी बाजारातून तंजावूरची मान डोलवणारी बाहुली आणली, पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याची, आणि त्याच्या हातात दहा आज्ञांच्या पुठ्ठ्याच्या दोन पाट्या चिकटवल्या. मोशे आणि येशू संतांच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले. खाली अक्कांनी चिठ्ठी लावली: ‘एकच घर’.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी सुंडल, म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, खायला आल्या. टीचरना मराठी कळायची, बोलायच्या त्या तमिळ. दिवोराचं बरोबर उलटं. भांडायला तेवढं पुरतं.

टीचरनी चष्मा पुसला. “चंद्रमती, माझा प्रभू संतांच्या पायरीवर?”

“चांगली पायरी आहे. शेजार बघा किती मोठमोठ्या साधूंचा!”

“तो साधू नाही, अम्मा. तो देव आहे. माणूस होऊन आला. हीच तर आमची सगळी श्रद्धा.”

“शरि, शरि, वर ठेवते!” अक्का उठल्याच.

“आणि मोशेला?” दिवोराचा आवाज चढला. “त्यालाही वर चढवणार? तो माणूस होता, अक्का. मोठा, पण माणूस. आमच्यात माणूस देव होत नाही आणि देव माणूस होत नाही. त्याला रूपच नाही. तो बाहुलीत कसा मावेल?”

“रूप नाही, पण दया आहे ना? त्या दयेपायीच तो आला,” टीचर म्हणाल्या. “तुमच्याच ग्रंथात, जुन्या करारात लिहिलंय की येणार म्हणून.”

“जुना कुणाचा, टीचर? आमचा तेवढा एकच आहे. आणि तारणारा मसीहा आला म्हणता, तर लढाया थांबल्या का? तो आला की जग सुधारलेलं दिसेल. आम्ही अजून वाट बघतोय.”

“आधी माणसाचं आतलं सुधारायला लागतं. माणूस पापात जन्मतो, स्वतःच्या बळावर सुटत नाही. म्हणून प्रभूनं जीव दिला.”

“बाळ कसलं पापी हो? ते कोरं येतं. बरं की वाईट ते रोज आपण निवडायचं, चुकलं तर आपणच वळून परत यायचं. म्हणून तर आम्हाला आज्ञा दिल्यात. दुसऱ्यानं आपल्या वतीनं फेडायचं नाही.”

अक्कांनी दोन्ही हात वर केले. “अय्यो, पुरे! टीचर म्हणतात येऊन गेला आणि पुन्हा येणार. ही म्हणते यायचाय. म्हणजे दोघीही वाटच बघताय ना? मग झालं की एकच!”

“एक नाही!” दोघी एकदम ओरडल्या. त्या संध्याकाळी दोघींचं एकमत झालं ते एवढंच.

नेमका तेव्हाच पंख्याचा वारा लागला आणि मोशे मान डोलवायला लागला. टीचरना हो, अक्कांना हो, सगळ्यांना हो.

दिवोरा उठली. “आमचा मोशे इजिप्तच्या फारो राजापुढंही मान डोलवत नव्हता, अक्का. तुम्ही त्याला असला होयबा केलात.” ती जिन्यानं वर गेली. सुंडल तसंच राहिलं. टीचरही बाळ येशूला पदराखाली घेऊन निघाल्या.

दोन संध्याकाळी ओट्यावर कॉफी एकटी निवली. अक्का आधी चिडल्या. चांगलं करायला गेले तर हे! गल्लीतली दहा भांडणं मिटवली, एक मिटू नये? मग त्या बाहुल्यांसमोर बसल्या आणि मोशेच्या टाळूवर बोट ठेवून त्याची मान थांबवली. त्यांच्या लक्षात आलं की वर्षभर त्या दिवोराची मराठी ऐकत होत्या. ती काय सांगतेय ते ऐकलं नव्हतं. शनिवारी ती दिव्याचं बटण का दाबत नाही, हेसुद्धा कधी विचारलं नव्हतं. फक्त आपणच जाऊन दाबून यायच्या, वर उपकार केल्यासारखं.

माफी मागणं काही या बाईला येत नाही. त्या वर गेल्या, दारात उभ्या राहिल्या आणि गुरगुरल्या, “तुझा देव कुठं ठेवायचा, सांग. तू सांगशील तसं.”

दिवोरा म्हणाली, “कुठंच नाही, अक्का.”

“बरं.”

खाली येऊन अक्कांनी मोशेच्या पाट्या सोडवल्या, म्हाताऱ्याला खाली वाण्यांच्या रांगेत बसवलं आणि संतांच्या पायरीवरची जागा तशीच मोकळी सोडली. चिठ्ठी फाडली. शेजारी टीचरच्या दारात जाऊन त्याच सुरात विचारून आल्या. टीचर म्हणाल्या, “नाताळात तू माझ्याकडे ये, त्याला त्याच्या गव्हाणीत बघ.”

दुसऱ्या दिवशी बायका यायला लागल्या. “अक्का, इथली बाहुली फुटली काय?”

“फुटली नाही. एकीचा देव दिसत नाही, आणि दुसरीचा स्वतःच्या घरी गेलाय. मला विचारू नका, मी मूर्ख आहे. त्यांना विचारा.” ओट्यावर दिवोरा आणि टीचर बसलेल्या. झालं! रोज संध्याकाळी तिथं पापाचं, आज्ञेचं, मसीहाचं भांडण जुंपायचं. एकीनं दुसरीला तसूभर पटवलं नाही. कॉफी मात्र दुप्पट लागायला लागली. जयलक्ष्मी फुलवाली तर गजरे विकायचं सोडून खांबाला टेकून ऐकत बसायची.

दसऱ्याला बाहुल्या उतरवताना अक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मग? काय कळवलंस मुंबईला?”

“नाही म्हणून कळवलं.”

“का?” अक्कांनी उतरवलेली राणी परत पायरीवर ठेवली.

“तिकडं ऑफिसात मी माझं काही सांगितलं की सगळे मान डोलवतात, ‘सगळं एकच गं’ म्हणतात. इथं टीचर निदान ऐकून घेऊन भांडतात. आणि तुम्ही विचारलंत.” ती हसली. “शिवाय मूळ पापावर त्यांना अजून उत्तर द्यायचंय मला.”

अक्कांनी दाढीवाल्या म्हाताऱ्याला कापसात गुंडाळलं आणि कॉफीचं पाणी ठेवलं. तिघींचं.

तुमच्याही जिन्यावर, शेजारच्या फ्लॅटात, कचेरीत असं कुणीतरी असेलच. कृपा करून ‘सगळं एकच’ हे वाक्य आठवडाभर गिळून टाका. जा, त्यांचं दार वाजवा, ‘तुमचं आमच्यापेक्षा वेगळं काय, सांगा ना’ म्हणा, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मान हलवू नका.