सोनाबाईचं दार

साहेबांनी माझ्या ड्रॉइंग बोर्डवर ब्लेड ठेवलं.

"हे काय आहे?"

"दार, सर."

"सरकारी नकाशावर?"

साहेब माणूस वाईट नव्हते. आवाज न चढवता म्हणाले, "खरवडून टाका. मी पाहिलं नाही असं समजतो."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्यात धरणाच्या ऑफिसात ट्रेसर होतो. इंजिनिअरने पेन्सिलीने केलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या कापडावर, काळ्या शाईने उतरवायचा. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. त्या शीटवर बुडीत रेषा होती. धरण भरलं की पाणी कुठवर येईल, ते सांगणारी. तिच्या आतलं प्रत्येक घर म्हणजे एक चौकोन.

आदल्या दिवशी त्या रेषेच्या आत येणाऱ्या एका गावची सोनाबाई ऑफिसात आली होती. म्हातारी, एकटी राहणारी. अर्ज नाही, तक्रार नाही. तिला नकाशात आपलं घर बघायचं होतं. सगळ्यांनी तिला टोलवत टोलवत माझ्या टेबलाशी आणून सोडलं.

मी चौकोनावर बोट ठेवलं. "हे तुमचं, माय."

तिने वाकून पाहिलं. "ह्याले दार कुठी हाय?"

"नकाशात दार काढत नाईत."

"मंग मी आत जाऊ कशी, बापू?"

ती हसत नव्हती. माझ्या हातात शाईचा पेन होता. त्या चौकोनावर मी दोन फळ्यांचं, कडीचं बारीक दार काढलं. तिने ते निरखून पाहिलं. मग पदर सावरून गेली.

तेच दार आता मी ब्लेडने खरवडलं. शाई निघाली, पण कापड तिथे खरखरीत झालं. शीट वर गेली, पास झाली. पुढच्या शीटवर दुसरं गाव होतं. तेच चौकोन. माझा हात चालेना. ऑफिसात माझ्या रेषेचं कौतुक व्हायचं, आणि मला त्या रेषेची शिसारी यायला लागली.

नागपूरच्या एका प्रकाशकासाठी मी रविवारी मुलांच्या गोष्टींची चित्रं काढायचो. तो म्हणाला होता, "काम देतो, पण रोज देईन असं नाही." तेवढ्या भरवशावर मी राजीनामा लिहिला.

सावंगीला आमची भाजीपाल्याची वाडी. बाबा वांग्यांना पाणी देत होते. ऐकल्यावर त्यांनी फावडं खाली ठेवलं.

"काऊन सोडून राह्यला? कोणी काई म्हटलं का तुले?"

"नाई, बाबा."

"मंग पोटाले काय चित्रं खाशीन? अन् हिंगणघाटवाल्याइले काय सांगू मी?"

हिंगणघाटची सोयरीक जवळपास ठरली होती. त्यांनी होकार दिला होता तो सरकारी नोकरीला. आठवड्याच्या आत नकार आला. बाबा पुढे वर्षभर कामापुरतंच बोलले. मला वाईट वाटलं, भीतीही वाटली. पण परत जावंसं वाटलं नाही.

पहिलं पुस्तक निघायला दोन-तीन वर्षं गेली. गोष्टीत एका म्हातारीचं घर होतं. मी सोनाबाईचं काढलं, नकाशावरच्या त्याच दाराचं. तिचं गाव तोवर पाण्याखाली गेलं होतं. पुस्तक घेऊन मी नव्या गावठाणात गेलो. एकसारख्या घरांच्या रांगेत ती ओट्यावर बसलेली सापडली.

तिने चित्र डोळ्यांजवळ धरलं. दाराच्या फळ्यांवरून बोट फिरवलं.

"माहंच हाय," ती म्हणाली. मग थांबून, "पण लावलेलं काऊन काढलं?"

तिने बोट कडीवर ठेवलं.

"मी घरात असल्यावर दार कधी लावलं नाई रे. जायच्या दिवशी लावलं, तेवढंच."

पुस्तक तिने ठेवून घेतलं. मी घरी आलो आणि तेच घर पुन्हा काढलं, दार उघडं ठेवून. ते चित्र बाबांनी वाडीवरच्या खोपटात लावलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

आता चाळीसेक वर्षं हाच धंदा करतोय. शिकवायला कोणी बोलावलं तर एवढंच सांगतो : घर काढायच्या आधी आत कोण आहे ते विचारून घ्या. ट्रेसरला ते विचारायची सोय नव्हती.