तीन आवाजांची गिटार

सावेडीत मोटारी रिवाइंड करणारे एक गृहस्थ आहेत. पाण्याच्या मोटारींसोबत ते इलेक्ट्रिक गिटारही दुरुस्त करतात. त्यांच्या मते दोन्हीकडे तांब्याची तारच गुंडाळायची असते. वेढे मोजताना ते बोलत नाहीत. तुमच्या प्रश्नाला उत्तर वेढे संपल्यावर मिळतं, तोवर तुम्ही प्रश्न विसरलेले असता.

मी त्यांच्याकडे माझ्या गिटारला दोन महागडे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी वेटोळी, बसवायला घेऊन गेलो. दांडीजवळचा गोल आवाजाचा, तारा खाली जिथे अडकवतात त्या ब्रिजजवळचा धारदार. स्वीच फिरवला की एकेकट्याचा आणि दोघांचा मिळून असे तीन आवाज, हे मी त्यांना बराच वेळ समजावलं. त्यांनी मला आधी वाजवायला लावलं.

"रोज सरावाला बसता का?"

"वेळ मिळेल तसा."

"बरं," म्हणाले.

सहा महिन्यांनी वायर खुपसायचा जॅक सैल झाला म्हणून पुन्हा गेलो. तो घट्ट करून त्यांनी दांडीजवळच्या पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक केली. अॅम्पच्या स्पीकरमधून टकटक आली. ब्रिजजवळच्यावर केली, तर काहीच नाही.

"हा गेला की काय?" मी घाबरलो.

"जोडलाच न्हाई. त्याच्यात बारीक चूकबी ऐकू येती. तुमचा हात बसला की जोडू म्हनलं. तवर स्वीच कुठंबी फिरवा, दांडीजवळचाच वाजतो."

मला चिडायचं होतं. पण सहा महिने घरी येईल त्याला मी स्वीच फिरवून तिन्ही आवाजांतला फरक ऐकवत होतो. सगळ्यांना तो स्पष्ट ऐकू आला होता. मला तर जरा जास्तच.