नाव नंतर विचारणाऱ्या कुंदाताई

निवाऱ्यात नवीन मूल आलं, की कुंदाताई त्याला नाव विचारत नसत. अंगणातल्या पायरीवर बसवत, स्वतः त्याच्या मागे बसत आणि तेल लावून केस विंचरायला घेत. "तोंडासमोर बसवलं की पोट्टे खोटं सांगतेत. पाठ करून बसवा, आपोआप बोलतेत," असं त्यांचं म्हणणं.

मी पुण्याहून नोकरीसाठी नवा रायपूरला आलो होतो. ओळखीचं कुणी नव्हतं, रविवार जाता जात नसे. म्हणून रायपूरच्या गुढियारी भागात, स्टेशनवर सापडलेल्या मुलांच्या या निवाऱ्यात गणित शिकवायला जाऊ लागलो. कुंदाताई मूळच्या वर्ध्याकडच्या. रेल्वेच्या दवाखान्यात आया होत्या. निवृत्तीनंतर रोज इथे येत. माझं मराठी ऐकून खूश झाल्या. "घरी नातू हिंदीतच उत्तर देतेत. तुम्ही येत जा भाऊ, माह्या जिभेले बरं वाटते."

एकदा नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आली. चार दिवस एक शब्द बोलली नाही. केसांच्या नुसत्या जटा झालेल्या. कुणीतरी म्हणालं, कापून टाका. "काहून? तिचे हायेत ते," ताई म्हणाल्या आणि दोन दिवस बोटांनी एकेक गुंता सोडवत बसल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी हळूच छत्तीसगढीत म्हणाली, "मोर नाव सुकवारा." मग गावाचं नाव सांगितलं, अभनपूरजवळचं. मी शेजारीच वह्या तपासत होतो. उत्साहाच्या भरात, कुणालाही न विचारता, मी नंबर शोधून सरपंचाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी बाप जिलबीचा पुडा घेऊन हजर. त्याला पाहताच सुकवारा ताईंच्या मागे लपली. तिच्या डोक्यावर विडीचे चटके होते. ताईंना ते गुंता सोडवतानाच दिसले होते. तिनं स्वतः सांगावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

"मेरी लड़की है," बापाने आवाज चढवला.

ताई जागच्या हलल्या नाहीत. "है न भैया. पहले समिती के सामने बोलेगी, फिर देखेंगे."

बालकल्याण समितीसमोर सुकवारा ताईंचा हात घट्ट धरून सगळं बोलली. आई वारलेली होती. तिला मावशीकडे पाठवायचं ठरलं. मी मान खाली घालून ताईंची माफी मागितली. "तुम्ही पत्ता पाहिला भाऊ, घर नाही पाहिलं," एवढंच म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

गेल्या वर्षी ताईंचे गुडघे फारच दुखू लागले आणि नागपूरला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. मुलं रडतील, म्हणून गुपचूप निघावं, असं आम्ही सुचवलं. त्या भडकल्याच. "न सांगता गेलेली माणसं या पोट्ट्यांनी लय पाहिली. त्यात माही भर नको."

आठवडाभर आधी त्यांनी एकेकाला बोलावून सांगितलं: कुठे चालले, कोणत्या दिवशी, कशासाठी. मुलं रडली, भांडली. एकीने तर दोन दिवस अबोला धरला. ताईंनी सगळं सोसलं. निघायच्या दिवशी मात्र सगळी फाटकापाशी उभी होती, अबोला धरणारीसुद्धा.

आता एखाद्या रविवारी मला जमणार नसेल, तर मी आदल्या रविवारीच प्रत्येकाला सांगून ठेवतो. धाकटी मुलं विचारतात, "पर उसके बाद वाले को आओगे न?" मी हो म्हणतो, आणि जातो.