बांधावर येणारा न्यायाधीश

घराच्या वाटणीच्या दाव्याच्या तारखेला मी रोह्याहून पेणच्या कोर्टात जायचे, तेव्हा कासूकडचे एक म्हातारबाबा व्हरांड्यात हमखास भेटायचे. नाव कधी विचारलं नाही. ते पायरीशी चपला काढायचे, उंबऱ्याला शिवलेला हात कपाळाला लावायचे आणि माझ्याशेजारी टेकायचे. विधवा भावजय बांध सरकवून आपलं खाडीकाठच्या खारातलं शेत खाते, असा त्यांचा दावा. "एकदा खरा मानूस बसू दे गो वर," दर वेळी म्हणायचे. ऐकून मलाच त्या बाईचा राग यायचा.

परवा वकिलांकडून कळलं, जमिनीच्या दाव्यांत मुरलेले एक वरिष्ठ न्यायाधीश इथे नेमलेत. कुणाची भीडभाड न ठेवणारे म्हणून त्यांचा लौकिक. बाबा दिसताच मी धावत पायरीशी गेले.

"सुटलात बाबा! नुसत्या कागदावर नाही भागत त्यांचं. पँट दुमडून स्वतः बांधावर उतरतात, आजूबाजूच्यांना विचारतात."

उंबऱ्याकडे गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला.

"बांधावं येल तो?"

"येणारच!"

"बांध मीच सरकवलाय गो," ते हळूच म्हणाले. "भाव गेला, ती माहेरी व्हती, तवा. ती कोर्टात यायच्या आदी मीच आलो."

मग बाबांनी नेहमीसारखा उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"बाय, यांची बदली कदी व्हते गो?"