कंदील आधी, माणूस मागून

कंदील विझला तेव्हा वारा नव्हता. ज्योत फडफडली नाही, नुसती गेली. माझी नात विहिरीच्या पायऱ्यांवर खाली उभी होती, कंदील तोंडाजवळ धरून. तिच्या पुढं उतरलेलं आमचं कुत्रं थोडं खाली आडवं झालं होतं. दमलं असेल, असं आम्हा दोघींनाही वाटलं होतं.

"वर ये," मी काठावरून म्हणाले. तिनं वर बघितलं, हसली आणि तिथंच बसली.

भर दुपार होती. तिच्या कमरेला कासरा मीच बांधला होता. "आज्जी, मी काय म्हैस हाय व्हय?" असं म्हणून तिनं तो बांधून घेतला. बंद विहिरीत आधी दोरीनं कंदील सोडायचा, तो पेटता राहिला तरच माणसानं उतरायचं, ही आमच्याकडची रीत. तिला लिहायला उजेड हवा होता, म्हणून कंदील तिनं हातात घेतला. वाईट हवा तळाशी साचते. ती हवा कंदिलापर्यंत आली तेव्हा कुत्रं कधीच तिच्यात बुडालं होतं.

काठावरच्या लिंबाच्या झाडाला कासऱ्याचा वेढा देऊन मी ओढलं. हिसक्यानं ती भानावर आली आणि गुडघ्यांवर रांगत चढू लागली. मधेच थांबून, मागं वळून, ती कुणाला तरी म्हणाली, "आले."

बारामतीच्या कॉलेजात ती विहिरींच्या पाण्यावर प्रबंध लिहीत होती. तिचे सर म्हणायचे, मोजमाप चोख आहे, पण ऐकीव गोष्ट तू पाहिल्यासारखी लिहितेस. म्हणून ती कळस गावाजवळच्या आमच्या पडक्या विहिरीत स्वतः उतरली.

पुढं तिनं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. मी चौथी शिकलेली, पण मराठी कळतं. "पाहणी अपूर्ण राहिली," एवढंच होतं.

"कुत्रं कुठं हाय ह्यात?"

"माझी चूक लिहिली तर सर नापास करतील."

"करू दे. आन् 'आले' कुणाला म्हणालीस?"

तिनं हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "खालून बायका बोलवत होत्या. हवा कमी पडली की भास होतो आज्जी. ते लिहीत न्हाईत."

"ऐकलंस न्हवं? मग भास म्हणून लिही. उद्या दुसऱ्याला हाक आली तर त्याला कळाय नको, की आता वर पळायचं?"

तिनं सगळं लिहिलं. हातातला कंदील, कुत्रं, बायका. सरांनी एक ओळही खोडली नाही. आता तिला एवढंच हवं आहे, की वरकुटे गावच्या कुणा अनोळखी माणसानं ते वाचावं आणि कंदील आधी सोडावा.

विहिरीत राहून माणसाला हाका मारणाऱ्या साती आसरांवर, त्या पाण्यातल्या देवतांवर, माझा विश्वास नाही. पण लिंबाखाली हवा भरपूर होती, आणि त्या बायका मलाही ऐकू आल्या.

त्या दुपारी विहिरीवर आम्ही तिघं गेलो होतो. नात आहे. मी आहे. कुत्रं नाही.