सांदण का फुगत नाही?

मांडवीच्या तस्नीमला कुणी "असं नसतं करायचं" म्हटलं की तिच्या अंगात दुप्पट बळ येई. बी.ए. झाली ती याच तोऱ्यात, आणि २००८ साली ब्लॉग लिहायला बसली तीही याच तोऱ्यात.

नवरा अली कुवेतला. तस्नीमनंही तिथं काही वर्षं संसार केला होता, मग सासू मासूमाचे गुडघे धरले म्हणून ती रत्नागिरीला परतली. अलीशी बोलता यावं म्हणून घरात कॉम्प्युटर आला. धाकटा दीर फुजैल दुबईत वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत होता, बायको आलियाही तिकडंच. सुट्टीवर आला असताना त्यानंच भाबीला ब्लॉग उघडून दिला, आणि पासवर्ड स्वतःकडेही ठेवला. तिथंच घोडं पेंड खाणार होतं.

एका सकाळी तिनं ब्लॉग उघडला तर तो तिचा राहिलाच नव्हता. 'सासूच्या हातचं खेकड्याचं कालवण' जाऊन तिथं 'बेस्ट मालवणी क्रॅब करी रेसिपी' आलं होतं. मजकुरातही ओळीआड मालवणी रेसिपी, मालवणी रेसिपी. नको नको म्हणणाऱ्या पाहुण्याच्या ताटात भात लोटत राहावं तसे ते शब्द कोंबलेले. आणि तळाशी तिचं नाव होतं तिथं 'कोकण किचन'. तस्नीमचं डोकं फिरलं. दुबईला परतलेला फुजैल दुपारी कॉम्प्युटरवर बोलायला येताच तिनं त्याला धारेवर धरलं.

"माझा नाव कुठं गेला?"

"भाबी, तुमच्या नावानं कोण शोधतंय? लोक मालवणी शोधतात. तो शब्द वरचेवर आला की पान वर येता. आणि घरातल्या बाईचा नाव चव्हाट्यावर कशाला?"

"मालवण तिकडं, रत्नागिरी इकडं. मी माझ्या घरातला जेवण दुसऱ्याच्या नावानं नाय वाढायची."

फुजैल काही येडा नव्हता. गणपतीपुळ्याच्या दोन लॉजवाल्यांना त्यानं याच युक्तीनं गूगलच्या पहिल्या पानावर आणलं होतं. ईद झाली की हा ब्लॉगही आपल्या मोठ्या साइटमध्ये घ्यायचा, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. भाबीला विचारायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"ईदपर्यंत थांब," तस्नीम म्हणाली. "एक पोस्ट मी लिहिते, मथळा माझा. कुणी शोधत आला तर ब्लॉग माझा, नावासकट. नाय आला तर घाल तुझ्या साइटीत."

त्यानं हसत मान डोलावली.

लोक काय शोधतात ते फुजैलला पाठ होतं. का शोधतात, ते तस्नीमला ठाऊक होतं. माणसाला विचारायची लाज वाटते, तेच बाई मशिनला विचारते. कुवेतमधल्या पहिल्या ईदला तिचं सांदण, वाफवून फुगवायचं ते गोड पक्वान्न, तव्यासारखं सपाट बसलं होतं. ते तिनं गुपचूप फेकलं आणि घरी फोनवर छान झालं म्हणून सांगितलं. ईदच्या सांदणावरून सुनेचा हात ओळखायचा, ही त्यांच्यातली रीत. सांदण बसलं हे सासूला सांगता येत नाही, आणि जावेला तर मुळीच नाही. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, खमीर, सगळं नेहमीचंच, तरी का बसतं, हे कळायला तिला दोन ईदी लागल्या. तिकडे रात्रंदिवस एसी. गारठ्यात पीठ फुगणार कसं?

तिनं मथळा दिला: 'दुबई, कुवेतमध्ये सांदण का फुगत नाही?' मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण तिकडच्या बायका तशाच टाइप करतात. उपाय पहिल्याच ओळीत लिहिला: पातेलं चादरीत गुंडाळा आणि कपड्यांच्या कपाटात ठेवा. बाकी सगळं बोलल्यासारखं. कोंबाकोंबी कुठंही नाही.

"हे कोण शोधणार?" मथळ्यापलीकडं न वाचताच फुजैलनं विचारलं.

"हरलीस तर?" मासूमानंही विचारलं.

"हरले तर दुसरा उघडीन, अम्मा. पासवर्ड माझ्याकडंच ठेवीन."

ईदच्या दुपारी फुजैलचा फोन आला. मुबारकबाद झाली आणि तो फुशारक्या मारू लागला. "भाबी, यंदा आमचा सांदण काय फुगलाय! आलियानं पीठ कपाटात ठेवलेलंन. दरवर्षी बसायचा, तुम्हाला सांगू नको म्हणायची."

तस्नीम म्हणाली, "कपाटाचा तिला कुणी सांगितला, विचार."

फुजैलनं बायकोला हाक मारून विचारलं. पलीकडून आलियाचा आवाज ऐकू आला. "गूगलवर. पहिलाच पान."

ते पान कुणाचं, हे फुजैललाच तिला सांगावं लागलं. तशी आलियानं फोन घेतला. तिचा आवाज पडला होता. "भाबी, ता तुम्ही लिहिलेलात? खरा सांगू? तुमचा नाव दिसला असता तर मी पान बंद केला असता."

तस्नीमला हसू आलं आणि रागही आला. आपल्याही सांदणाची फजिती आपण कुणाला सांगितली नव्हती, हे तिला आठवलं.

"माझाही बसायचा," ती म्हणाली. "कुवेतला. दोन ईदी फेकला. आता खा पोटभर."

फोन ठेवून ती कॉम्प्युटरपुढं बसली. 'कोकण किचन' पुसून तिनं तिथं लिहिलं: तस्नीम, मांडवी, रत्नागिरी. आणि वर, पहिल्या ओळीच्याही आधी, एक नवी ओळ घातली: माझंही सांदण बसलं होतं.

"आता बघूया कोण पान बंद करतंय ता," ती मासूमाला म्हणाली, आणि तिनं पासवर्ड बदलला.